साउथ कॅरोलायना: समुद्र, जुनी शहरं, एक किल्लेप्रेमी नवरा आणि विहीणबाई. मार्ग सुचवा

कर्वेनगरची काकू

नमस्कार मंडळी. गौरी-गणपती उरकले की आम्ही दोघं लेकीकडे शार्लटला निघतोय. व्हिसा हातात आहे, तिकिटं झाली, भाजणी-मेतकुटाची यादीही झाली. लेकीचं म्हणणं, "आई, आल्यावर आठवडाभर सगळे मिळून कुठेतरी जाऊ, पण ठरव तूच. मला इथे मान वर करायला सवड नाही." तेव्हापासून रात्रीची झाकपाक झाली की मी नकाशा उघडून बसते.

शार्लट नॉर्थ कॅरोलायनात येतं. पण समुद्र आणि जुनी शहरं दोन्ही हवी असतील तर खाली साउथ कॅरोलायनात जा, असं ज्याला विचारावं तो सांगतो. माणसं सहा: आम्ही दोघं, लेक-जावई, नऊ वर्षांची नात आणि विहीणबाई. ह्यांचं म्हणाल तर दर रविवारी सिंहगड. किल्ला नसेल तर त्याला हे सहल म्हणतच नाहीत. नातीला वाळू आणि लाटा मिळाल्या की बाकी काही नको. मला जुनी घरं, गल्ल्या, बाजार. विहीणबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पायऱ्या आणि लांबचं चालणं जमत नाही. त्या स्वतः एका शब्दाने तक्रार करणार नाहीत आणि म्हणूनच मला जास्त काळजी. बायकांना कळेल मी काय म्हणतेय ते. गाडी जावई चालवणार. सगळे शाकाहारी, नात अंडं खाते, विहीणबाई तेही नाही.

मी आखलेला मार्ग: शार्लट, मर्टल बीच, चार्ल्स्टन, हिल्टन हेड, सव्हाना, सेंट ऑगस्टीन, जमलं तर ओरलँडो, आणि परत. सप्टेंबरअखेर धरलंय, कारण तेव्हा समुद्रकाठची हॉटेलं एकदम स्वस्त दिसतात. ह्यात काय गाळू, मुक्काम कुठे करू, ते जाऊन आलेल्यांनी सांगावं.

टिळक रोडवाला

काकू, ही सहल नाही, मालवाहतूक आहे. जावयांना नकाशा दाखवलात का? आणि सप्टेंबरअखेर हॉटेलं स्वस्त का असतात त्याचाही शोध घ्या. उत्तर समुद्रावरून गोल गोल फिरत येतं.

पुलापलीकडचा

टिळक रोडवाल्यांनी टोमणा मारून हात झटकले, पण बोलले ते खरं आहे. मी मूळचा शनिवार पेठेतला, सध्या चार्ल्स्टनच्या पुलापलीकडे माउंट प्लेझंटला राहतो. पुण्याहून आलेले पाहुणे फिरवायचं खातं घरात माझ्याकडे आहे, त्यामुळे मतं ठाम झाली आहेत. पटतील तेवढी घ्या.

आधी तारीख बदला. अटलांटिकच्या वादळांचा मोसम कागदोपत्री १ जून ते ३० नोव्हेंबर, पण खरा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. १९८९ साली ह्यूगो चार्ल्स्टनवर आदळलं ते सप्टेंबरात, २०२२ साली इयन जॉर्जटाउनजवळ आलं ते ३० सप्टेंबरला. दरवर्षी येतंच असं मुळीच नाही. पण आलं तर गव्हर्नर किनारा रिकामा करायला सांगतात, आणि मग आय-२६ हायवेच्या येणाऱ्या लेनसुद्धा जाणाऱ्यांसाठी मोकळ्या करून सगळी वाहतूक आत, राज्याची राजधानी कोलंबियाच्या दिशेने सोडतात. विहीणबाईंना घेऊन त्या रांगेत बसायचं नसेल तर ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा धरा. दुपारी २४-२५ अंश, घामाच्या धारा नाहीत, आणि पाणी नातीला डुंबता येईल इतपत उबदार. तरीसुद्धा बुकिंग पैसे परत मिळणारंच करा, थोडे जास्त गेले तरी.

आता मार्ग. शार्लट ते चार्ल्स्टन साधारण ३४० किलोमीटर, वाटेत चहापाणी धरून चार तास. तिथून मर्टल बीच दोन तास वर, सव्हाना दोन तास खाली. सेंट ऑगस्टीन सव्हानाच्याही पुढे जवळजवळ तीन तास, फ्लोरिडात. १५६५ साली वसलेलं गाव आहे, आणि तिथला शिंपल्यांच्या चुऱ्याच्या दगडात बांधलेला स्पॅनिश किल्ला काकांना वेड लावील. पण त्यासाठी फ्लोरिडाची वेगळी खेप करा. ह्या खेपेत तो कोंबलात तर जावई अख्खा आठवडा ट्रकांच्या पाठी वाचत बसतील.

माझं म्हणणं एवढंच: चार्ल्स्टनला तळ ठोका आणि हलू नका. इथे समुद्र एकीकडे आणि इतिहास दुसरीकडे, असा मामलाच नाही. नात ज्या वाळूत खड्डे खणेल त्याच वाळूवर काकांचा किल्ला आहे.

सलिव्हन्स आयलंड घ्या. गावातून अर्धा तासही लागत नाही. बेटावर मोठी हॉटेलं नाहीत, पाळणे नाहीत, रुंद मोकळी वाळू आहे. एका टोकाला फोर्ट मोल्ट्री. २८ जून १७७६, म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघायच्या आठवडाभर आधी, ब्रिटिश आरमाराने ह्या किल्ल्यावर तोफा डागल्या तेव्हा तो पुरता बांधूनही झाला नव्हता. तटाला दगड नाही. पामेटोचे ओंडके (ताडाच्या जातीचं इथलं झाड) दोन बाजूंना आणि मध्ये ठासून भरलेली वाळू. ते लाकूड इतकं मऊ आणि तंतुमय की गोळे आत रुतून बसले, तट काही फुटेना. आरमार मार खाऊन परत गेलं. राज्याच्या झेंड्यावर पामेटोचं झाड आहे ते त्यामुळे. आजचा विटांचा किल्ला त्यानंतरचा, १८०९ चा. पण १७७६ पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत किनाऱ्याचं संरक्षण कसं बदलत गेलं ते तोफांसकट एकाच आवारात बघायला मिळतं. काकांना दुपार पुरायची नाही. आणि गाडी अगदी जवळपर्यंत जाते, हे विहीणबाईंसाठी.

तिथेच पाण्याकडे तोंड करून एक साधा काळा बाक आहे, २००८ साली बसवलेला. आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणलेल्या माणसांना विकायला काढण्याआधी साथीच्या भीतीने ह्याच बेटावर अडकवून ठेवत. त्यांची आठवण म्हणून तो बाक. काका तोफांपाशी असतील तेव्हा तुम्ही आणि विहीणबाई तिथे बसा. बहुतेक लोक त्याच्याकडे न बघताच पुढे जातात.

समुद्राबद्दल दोन गोष्टी कोकणची सवय असलेल्यांना आधीच सांगून ठेवतो. हा किनारा पूर्वेचा. संध्याकाळी भेळ बांधून घेऊन सूर्य बुडताना बघायला वाळूवर बसलात तर तो तुमच्या पाठीमागे, घरांमागे मावळून मोकळा. इथे पहाटे उठायचं, सूर्य पाण्यातून वर येतो. आणि पाणी निळंशार नसतं. नद्यांचा आणि खाजणांचा गाळ येतो, रंग मातकट हिरवा. घाण नव्हे ती. आत ओढणारा प्रवाह मात्र असतो, त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे धडपडत न येता किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हायचं. नातीला हे पाण्यात उतरायच्या आधी सांगा.

गावातलं उद्या लिहितो, आता भांडी माझ्या नावावर आहेत.

कर्वेनगरची काकू

किती छान लिहिलंत! ओरलँडो आणि सेंट ऑगस्टीन गाळलं. तारीखही पुढे ढकलते. ह्यांना बाकीचं वाचून दाखवलं तर फक्त "पामेटोचे ओंडके" ऐकून जागेवरून उठले आणि विचारायला लागले की तिथे दुसरा, पाण्यातला एक किल्ला आहे म्हणतात तो कुठला, आणि जंजिऱ्याएवढा आहे का. तेवढं सांगा. आणि जेवणाचं कुणीतरी बोला हो. मी धान्य-डाळी घेऊन जाऊ का?

शार्लटवासी वहिनी

काकू, जेवणाचं मी सांगते. आम्ही शार्लटमध्येच असतो आणि लांबचा वीकेंड आला की चार्ल्स्टन ठरलेलं.

धान्य पुण्याहून अजिबात नको. शार्लटमध्ये भारतीय किराणा सगळा मिळतो, गोठवलेल्या पोळ्यांपासून कढीपत्त्यापर्यंत. फक्त राहायची जागा स्वयंपाकघर असलेली घ्या. सकाळी पोहे-उपमा करून बाहेर पडलं की दिवसभराचा निम्मा प्रश्न मिटतो.

बाहेर खाताना एक लक्षात ठेवा: दक्षिणेत भाजीत मांस असतं. पालेभाजी दिसते, घेवडा दिसतो, चवळी-भात दिसतो, आणि शिजवताना त्यात डुकराचं हाड घातलेलं असतं. "व्हेजिटेरियन आहे का" विचारलं तर हो म्हणतील, कारण वर मांस दिसत नाही. म्हणून "ह्यात हॅम किंवा बेकन घालून शिजवलंय का" असंच थेट विचारा. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या रव्याची पेज. चीज घातलेले मिळतात, विहीणबाईंना मऊ लागतील, पण तेही पाण्यात शिजवलेत की मांसाच्या रश्श्यात ते विचारून घ्या. हिरव्या टोमॅटोचे तळलेले काप सगळीकडे असतात, पण त्याच्या पिठात बहुधा अंडं असतं, तेव्हा ते नातीला.

आणि खास तुमच्यासाठी: उकडलेल्या शेंगा! भुईमुगाच्या, सालासकट, मिठाच्या पाण्यात. रस्त्याकडेला हाताने लिहिलेली पाटी आणि मोठं पातेलं दिसलं की थांबा. २००६ पासून हा ह्या राज्याचा अधिकृत खाऊ आहे, गंमत नाही. गावात तिळाच्या पातळ कुरकुरीत चकत्याही मिळतात, त्याला बेने वेफर म्हणतात. तीळ तिथे पोचला तो आफ्रिकेतून, गुलाम म्हणून आणलेल्या लोकांबरोबर. त्यात अंडं असतं बरं का, डब्यावर वाचून घ्या.

जाताना कोलंबियाला पाय मोकळे करायला थांबता येईल. तिथल्या राज्य विधिमंडळाच्या दगडी भिंतीवर ब्राँझच्या चांदण्या ठोकलेल्या आहेत. १८६५ साली यादवी युद्धात उत्तरेचा सेनापती शर्मन ह्याच्या तोफांचे गोळे जिथे लागले तिथे तिथे एकेक. काकांना मोजायला द्या, तेवढ्यात आपला चहा होतो.

आणि एक महत्त्वाचं. किनाऱ्याजवळच्या गोड्या पाण्याच्या तळ्यांमध्ये, हिल्टन हेडच्या गोल्फ मैदानांवरसुद्धा, सुसरी असतात. नातीला तळ्याच्या काठावर खेळू देऊ नका.

धायरी फाटा

सगळे मर्टल बीचला नावं ठेवणार हे माहीत होतं. माझं जरा उलटं मत. नऊ वर्षांच्या पोरीला तुम्ही आठवडाभर जुन्या भिंती दाखवणार का? मर्टल बीचला समुद्राला लागून फळ्यांचा लांब रस्ता आहे, मोठा आकाशपाळणा आहे, मिनी गोल्फ कोपऱ्याकोपऱ्यावर. ऑक्टोबरात समुद्रासमोरचे स्वयंपाकघरवाले फ्लॅट चार्ल्स्टनच्या साध्या हॉटेलपेक्षा स्वस्त पडतात. लिफ्टने खाली उतरलं की वाळू. विहीणबाईंना गॅलरीत बसून समुद्र दिसतो, कुठे जायलाच नको. आम्ही आईबाबांना नेलं होतं, तक्रार शून्य. तिथून दक्षिणेला मरल्स इनलेटजवळ ब्रुकग्रीन गार्डन्स आहे, ओक वृक्षांच्या सावलीत शिल्पांची बाग. एकदा काढलेलं तिकीट सात दिवस चालतं. ते तरी चुकवू नका.

पुलापलीकडचा

धायरी फाटा, ब्रुकग्रीनबद्दल हजार टक्के सहमत. १९३१ साली हंटिंग्टन दांपत्याने जुन्या भातशेतीच्या जमिनी विकत घेऊन ती बाग उभी केली, अॅना हंटिंग्टन स्वतः शिल्पकार होत्या. मर्टल बीचचं गणितही बरोबर आहे, खिशाचा विचार असेल तर तेच करावं. पण काकूंना गल्ल्या-बाजार हवेत आणि काकांना किल्ले, आणि ह्यातलं तिथे काही नाही. रोज दोन तास जाऊन दोन तास परत येणं म्हणजे पुन्हा मालवाहतूक.

काकांचा प्रश्न. पाण्यातला किल्ला म्हणजे फोर्ट समटर. जंजिरा डोळ्यासमोर ठेवून जाऊ नका म्हणावं. बंदराच्या तोंडाशी मुद्दाम भराव घालून केलेलं बेट, त्यावर पाच बाजूंचा विटांचा किल्ला. १२ एप्रिल १८६१ रोजी पहाटे साडेचारला ह्याच्यावर पहिला गोळा पडला आणि अमेरिकेचं यादवी युद्ध, उत्तर विरुद्ध दक्षिण, सुरू झालं. चौतीस तास मारा चालला, आणि त्या लढाईत एकही माणूस मेला नाही. पुढच्या चार वर्षांत सहा लाखांहून जास्त मेले. नंतर उत्तरेच्या तोफांनी हा किल्ला असा काही झोडपला की मूळची तीन मजली भिंत आज बुटकी उरली आहे. तरी जावं. बोटीने अर्धा तास जायला, तासभर तिथे, अर्ध्या तासाहून जरा जास्त परत. बंदरात डॉल्फिन दिसायची शक्यता चांगली, त्यामुळे नातही खूश. सकाळच्या पहिल्या बोटीने गेलात तर झेंडा चढवायला प्रवाशांनाच हात लावायला बोलावतात. काकांना पुढे उभं करा. चढउतार आहे, विहीणबाईंना त्या वेळी गावात ठेवा.

गावाबद्दल लिहायचं राहिलं होतं. चार्ल्स्टन १६७० साली वसलं, दहा वर्षांनी आजच्या जागी आलं: ॲशली आणि कूपर ह्या दोन नद्यांच्या मधलं जमिनीचं टोक. बघायला जाल तर ईस्ट बे स्ट्रीटवरची रंगीत तेरा घरं सगळेच फोटोत काढतात, तुम्हीही काढा. पण काकू, तुम्हाला घरांची आवड आहे म्हणून सांगतो, मागच्या गल्ल्यांत शिरा. इथली खास बांधणी अशी की घराची अरुंद बाजू रस्त्याला, एका खोलीएवढी. रस्त्यावर दार दिसतं ते उघडलं तर घरात नाही, लांबलचक ओसरीत जातो आपण. खरं दार त्या ओसरीच्या मध्यावर. ओसरी दक्षिणेला नाहीतर पश्चिमेला, म्हणजे समुद्रावरचा वारा घरभर खेळतो आणि उन्हाची तिरीप भिंतीवर येत नाही. एसी नव्हता तेव्हाचं शहाणपण.

मग भिंतींवर बघा. दोन मजल्यांच्या मध्ये वाटोळ्या, चौफुलीच्या, कधी सिंहाच्या तोंडाच्या आकाराच्या लोखंडी चकत्या दिसतील. ३१ ऑगस्ट १८८६ च्या रात्री इथे मोठा भूकंप झाला, गाव खिळखिळं झालं. मग भिंती पडू नयेत म्हणून घराच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत लोखंडी गज घालून दोन्हीकडून आवळले. त्या चकत्या म्हणजे त्या गजांची टोकं. शोधायला लावलंत तर नात गल्लीभर मोजत सुटेल. आणि जुन्या विटांवर जवळून नजर टाका, कधी कधी बोटांचे ठसे सापडतात. ओल्या मातीवर उमटून भाजले गेलेले, विटा पाडणाऱ्या गुलामांचे. काही ठसे इतके लहान की ते मुलांचे असणार हे सांगावं लागत नाही.

ह्या गावाची श्रीमंती तांदळाची. खाजणात भरतीच्या रेट्याने वर चढणारं नदीचं गोडं पाणी लाकडी दारांनी आत घ्यायचं, अडवायचं, सोडायचं, अशी भातशेती. ती ज्यांनी केली त्यातल्या अनेकांना पश्चिम आफ्रिकेत भाताचं ज्ञान होतं आणि ते इथे गुलाम म्हणून राबले. त्यांच्या वंशजांना गला-गीची म्हणतात. त्यांच्या टोपल्या तुम्हाला बाजारात दिसतील. भात पाखडायची रुंद सुपं करता करता ही कला इथे टिकली. सुवासिक गवताची वळी घ्यायची, पामेटोच्या पातीने ती शिवत गोल गोल चढवायचं. भोक पाडायला चमच्याचा दांडा, पुढचा वाडगा कापून टाकलेला. कारागीर बायका समोर बसून विणत असतात, विचारलं तर आनंदाने दाखवतात. लहान टोपलीलाही बरेच पैसे पडतात. घासाघीस करू नका. एकेका टोपलीला किती वेळ जातो ते पाच मिनिटं समोर उभं राहिलं की कळतं. माझ्या घराजवळ हायवे १७ च्या कडेलाही त्यांच्या टपऱ्या आहेत, तिथे निवांत बघता येतं.

गॅड्सडेन्स वॉर्फ नावाच्या धक्क्यावर गुलामांची जहाजं लागायची. तिथेच २०२३ साली इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम उघडलं. इमारत खांबांवर उचललेली, खालची जमीन मोकळी सोडलेली. तिथे पाण्याचा एक उथळ हौद आहे. पाणी ओसरलं की तळाला शेजारी शेजारी खेटून झोपवलेल्या माणसांच्या आकृत्या दिसतात, जहाजाच्या तळघरात ठेवायचे तशा. पाणी चढलं की झाकल्या जातात. ही बाहेरची जागा फुकट आणि सपाट आहे. विहीणबाईंना नक्की न्या. नातीला किती सांगायचं ते तिच्या आईने ठरवावं, पण टाळू नये असं माझं मत.

ऑक्टोबरातली एक अडचण: वर्षातल्या सगळ्यात मोठ्या भरत्या शरदात येतात. आभाळ निरभ्र, ऊन पडलेलं, आणि सखल रस्त्यांवर घोटाभर खारं पाणी. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की आपण भिडे पूल विसरून दुसऱ्या रस्त्याने जातो ना, इथले लोक तसेच भरतीची वेळ बघून रस्ता ठरवतात. त्या पाण्यातून गाडी घालू नका, खाली लोखंड कुजतं.

मुक्काम माउंट प्लेझंटला किंवा आइल ऑफ पाम्सला करा. जुन्या गावातली हॉटेलं फार महाग, पार्किंगचे निराळे. रविवार ते गुरुवार धरलंत तर भाडं बरंच उतरतं. गावात गाडी एकदा पार्किंगच्या इमारतीत ठेवायची आणि पुढे डॅश नावाच्या बसने फिरायचं, तिला तिकीट नाही. चाल्मर्स स्ट्रीटसारख्या गोट्यांच्या रस्त्यांवर विहीणबाईंना चालवू नका, मुरगळेल. त्यांच्यासाठी घोडागाडीची फेरी आहे. कुठल्या भागात जायचं ते गाडीवाला ठरवत नाही, निघताना चिठ्ठीसारखं सोडतीत निघतं. आइल ऑफ पाम्सच्या काउंटी पार्कात वाळूवर चालणारी जाड चाकांची खुर्ची मिळते, आधी फोन करून विचारून ठेवा.

एक दिवस मात्र खाली ब्यूफर्टला जा, दीड तासावर. सव्हाना त्यासाठी गाळलं तरी चालेल, तिचे ते चौक कितीही सुंदर असले तरी. ब्यूफर्टला रॉबर्ट स्मॉल्स नावाचा गुलाम मुलगा जन्मला, १८३९ साली. पुढे तो चार्ल्स्टन बंदरात दक्षिणेच्या सैन्याच्या 'प्लँटर' नावाच्या बोटीवर सुकाणू धरायचा. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपलेले असताना त्याने ती बोट काढली, वाटेत आपली बायकामुलं आणि सोबत्यांची कुटुंबं चढवून घेतली, कप्तानाची गवती टोपी घातली आणि एकेका किल्ल्यासमोर बरोबर खुणेची शिट्टी देत समटरवरूनही निसटला. आपल्याकडे पेटारे, इथे बोट. उत्तरेच्या आरमाराला बोट देऊन टाकली, पुढे अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून गेला आणि ज्या मालकाच्या घरी गुलाम म्हणून जन्मला तेच घर विकत घेतलं. ते प्रिन्स स्ट्रीटवर आहे, खाजगी आहे, बाहेरूनच बघायचं. काकांना ही गोष्ट बोटीतून समटरला जाताना सांगा, कारण तो निघाला ते ह्याच पाण्यातून. ब्यूफर्टच्या पुढे हंटिंग आयलंड: जंगल थेट वाळूत उतरलेलं, समुद्राने उपटलेली झाडं किनाऱ्यावर आडवी. नातीला मर्टल बीचचा पाळणा आठवणार नाही.

शार्लटवासी वहिनी

ब्यूफर्टला डासांचं औषध न्या. खाजणाच्या काठाला डोळ्यांनाही न दिसणारी चिलटं चावतात, आणि ऑक्टोबरात ती असतातच. जॉन्स आयलंडवरचा एंजल ओकही राहिला तुमच्याकडून. शेकडो वर्षांचा ओक आहे, फांद्या जमिनीला टेकून पुन्हा वर गेलेल्या. बघायला पैसे नाहीत, वाहनतळापासून दोन पावलं. चढायला मात्र बंदी. तिथून पुढे वॅडमलॉ बेटावर चहाचा मळा आहे, ट्रामसारख्या गाडीतून फिरवतात. विहीणबाई बसल्या बसल्या मळा बघतील.

कर्वेनगरची काकू

सगळ्यांचे आभार. सकाळी लेकीशी बोलले. ठरलं ते असं: ऑक्टोबरचा तिसरा आठवडा, रविवारी निघायचं, आइल ऑफ पाम्सला स्वयंपाकघर असलेलं तळमजल्याचं घर. किनाऱ्यावरची बरीच घरं पुराच्या भीतीने खांबांवर असतात आणि जिना चढावा लागतो हे जावयांच्या लक्षात आलं, म्हणून शोधायला वेळ लागला. मर्टल बीचला राहणार नाही, पण ब्रुकग्रीन एक दिवस जाऊन येऊ. धायरी फाटा, रागवू नका. ब्यूफर्ट नक्की. सव्हानाबद्दल आमच्यात अजून मतभेद आहेत. मी म्हणते जाऊ, लेक म्हणते बाबांना विचार, आणि बाबा म्हणतात तिथे किल्ला आहे का.

विहीणबाईंना फोन केला होता. त्यांना फक्त चहाचा मळा आवडला. निवृत्त होण्याआधी त्या आसामात जोरहाटला, चहाच्याच मुलखात होत्या म्हणे, मला आज कळलं!

शेवटचा प्रश्न: समटरच्या बोटीचं तिकीट इथूनच काढून ठेवू का?

टिळक रोडवाला

सव्हानाजवळ फोर्ट पुलास्की आहे. १८६२ साली नव्या पद्धतीच्या आटेदार तोफांनी त्याची जाड विटांची भिंत तीस तासांत फोडली. भोकं बुजवली ती जागा आजही ओळखू येते, विटांचा रंग निराळा आहे. काकांना सांगा.

पुलापलीकडचा

संपलं, सव्हाना पक्कं झालं म्हणायचं. काकू, समटरचं तिकीट आत्ता नको. हवामानाचा अंदाज स्पष्ट झाला की चार-पाच दिवस आधी ऑनलाइन काढा. बोटी दोन धक्क्यांवरून सुटतात. झेंड्यासाठी गावातल्या लिबर्टी स्क्वेअरची सकाळची पहिली. ती भरली असेल तर आमच्या बाजूच्या पेट्रियट्स पॉइंटची घ्या, तिथे 'यॉर्कटाउन' ही दुसऱ्या महायुद्धातली विमानवाहू नौकाही उभी आहे. तिचं तिकीट वेगळं, पार्किंगही वेगळं. आणि बोटीवर वारा लागतो, ऑक्टोबर असला तरी काकांचा स्वेटर बरोबर ठेवा.